व्हिडिओ-पाठांची तपासणी कुठे रखडते आणि ती मार्गी कशी लावावी

आपली अडचण थोडक्यात अशी आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमाचे चाळीसएक व्हिडिओ-पाठ तयार होत आहेत. प्रत्येक पाठ विषयतज्ज्ञ, इन्स्ट्रक्शनल डिझायनर (पाठ शिकवण्याच्या दृष्टीने आखणारा), भाषा-तपासनीस आणि व्यवस्थापनातील दोघे असे पाच जण पाहतात. शेरे कधी ई-मेलवर येतात, कधी व्हॉट्सॲपवर, तर कधी बैठकीत तोंडी. तिसऱ्या-चौथ्या फेरीतही कोणीतरी मूळ आशयालाच हरकत घेते आणि संकलकाला जुळवलेला पाठ पुन्हा मोडावा लागतो. ही तपासणी सुटसुटीत कशी करावी आणि त्यासाठी कोणते साधन घ्यावे, असे आपण विचारले आहे.

साधनाचा भाग मी उत्तराच्या उत्तरार्धात घेतो, कारण आपल्या वर्णनात साधनाचा दोष मला फारसा दिसत नाही. तपासणी रखडते ती माणसे संथ असतात म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा प्रत्येक फेरीत सगळेच प्रश्न उघडे ठेवलेले असतात. समोर व्हिडिओ आला आणि ‘पाहून कळवा’ एवढेच सांगितले, तर पाहणारा व्याख्येपासून शर्टाच्या रंगापर्यंत जे सुचेल त्यावर बोलणार, आणि त्यात त्याची चूक नसते. म्हणून माझ्या मते सगळी व्यवस्था एका गोष्टीभोवती उभी करावी : कोणता प्रश्न कोणत्या टप्प्यावर कायमचा मिटला, हे सर्वांना ठाऊक असावे आणि मिटलेला प्रश्न पुन्हा उघडण्याला किंमत असावी.

काही बदलण्यापूर्वी एक छोटे काम करा. पूर्ण झालेल्या शेवटच्या पाच पाठांवरचे सगळे शेरे, जिथून मिळतील तिथून, एका तक्त्यात उतरवा आणि प्रत्येक शेऱ्यापुढे एवढेच लिहा की ही गोष्ट सर्वांत आधी कोणत्या टप्प्यावर दिसू शकली असती. ‘व्याख्या अपुरी आहे’ हे कागदावर दिसले असते. ‘उदाहरण अवघड आहे’ हेही कागदावर. ‘आलेखातील अक्षरे वाचता येत नाहीत’ हे स्लाइड बनली त्याच दिवशी. ‘निवेदक इथे अडखळतो’ हे मात्र रेकॉर्डिंगनंतरच. बहुतेक चमूंमध्ये या तक्त्यातला मोठा हिस्सा संहितेच्या रकान्यात जाऊन पडतो, आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय संहितेवर वेळ घालवायला कोणी मनापासून तयार होत नाही.

वाक्य संहितेत बदलायला मिनिट लागते. तेच वाक्य रेकॉर्डिंगनंतर बदलायचे म्हटले की निवेदकाची वेळ, तीच खोली, तोच माइक, तोच पेहराव आणि तोच प्रकाश पुन्हा जुळवावा लागतो. संकलनानंतर बदलायचे म्हटले की त्याच्यापुढचे दृश्यांचे सगळे मेळ हलतात. आणि उपशीर्षके झाल्यावर बदलायचे म्हटले की उपशीर्षकांची फाइल, लिखित प्रत, पाठाखालची प्रश्नावली आणि कधीकधी पुढच्या पाठाची सुरुवातही तपासावी लागते. सॉफ्टवेअर क्षेत्राने हा धडा फार पूर्वी घेतला. आयबीएममधील मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये प्रोग्रॅमच्या तपासणीची जी पद्धत मांडली, तिच्यात तपासणी शेवटी एकदाच न करता ठरलेल्या टप्प्यांवर होते, प्रत्येक तपासणाऱ्याला नेमकी भूमिका असते, पुढे जाण्याच्या अटी आधीच लिहिलेल्या असतात आणि चुका शोधण्याच्या बैठकीत उपायांची चर्चा करायची नसते. व्हिडिओ-पाठांना यातले सगळे लागू पडते, शेवटची अट तर सर्वांत जास्त.

म्हणून सर्वाधिक वेळ संहितेच्या तपासणीला द्यावा. संहिता दोन स्तंभांची असावी : डावीकडे निवेदनाचा शब्दन् शब्द, उजवीकडे त्या वेळी पडद्यावर काय दिसेल ते. केवळ निवेदन लिहिलेली संहिता मंजूर करणे म्हणजे अर्धाच पाठ मंजूर करणे होय, कारण पुढचे अर्धे वाद चित्रांवरून होतात. निवेदकाचा वेग एकदा मोजून ठेवावा; त्याने आपल्या नेहमीच्या गतीने एक पान वाचले की मिनिटाला किती शब्द पडतात ते कळते आणि मग प्रत्येक संहितेची लांबी रेकॉर्डिंगच्या आधीच सांगता येते. ‘पाठ फार लांब झाला’ हा शेरा संकलित व्हिडिओवर येणे हे नियोजन चुकल्याचे लक्षण आहे. लांबीबद्दल एक निरीक्षण उपयोगी आहे : फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरील चार अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये असे दाखवले की व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी तो पाहण्यात घालवतात तो मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नाही. त्यांनी निर्मात्यांना दिलेला सल्लाही हाच होता की पाठाचे लहान तुकडे करण्याचे काम चित्रीकरणाच्या आधी, नियोजनातच करावे. हे लक्ष टिकण्याबद्दलचे निरीक्षण आहे, त्यावरून किती शिकले जाते याचा थेट निष्कर्ष काढू नये. पण ‘हा पाठ दोन भागांत तोडावा का’ हा प्रश्न संहितेवरच मिटवण्यासाठी ते पुरेसे कारण आहे.

कागदावरची संहिता वाचून अनेकांना पाठ डोळ्यांपुढे येत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे कच्चा आवाज. कोणीही, अगदी संहिता लिहिणाऱ्यानेही, फोनवर निवेदन वाचून रेकॉर्ड करावे आणि ते साध्या स्लाइडवर चढवावे. तासाभरात होणाऱ्या या कच्च्या पाठावर व्यवस्थापनातील व्यक्तीही ठामपणे मत देऊ शकते, आणि ते मत मिळाल्यावर मंजुरीची सही घेता येते. सहीचा अर्थही लिहून ठेवावा : ‘आशय, क्रम, उदाहरणे आणि लांबी मला मान्य आहेत, यापुढे तथ्याची चूक आढळली तरच मी या बाबी पुन्हा काढीन.’ हे वाक्य सुरुवातीला काहींना खटकते. खटकू द्यावे. त्या वाक्यावर सही करताना माणूस जेवढा सावधपणे वाचतो तेवढा एरवी वाचत नाही.

आता पाहणारे पाच जण. माझा आग्रह असा असतो की प्रत्येकाला एकच प्रश्न द्यावा. विषयतज्ज्ञाला विचारावे : यात काही असत्य किंवा दिशाभूल करणारे आहे का? डिझायनरला : हा पाठ पाहून विद्यार्थ्याला ठरलेली गोष्ट करता येईल का? भाषा-तपासनिसाला : पडद्यावरचे आणि कानावर पडणारे शब्द बरोबर आणि एकसारखे आहेत का? व्यवस्थापनातील दोघांनी प्रत्येक पाठ पाहण्याची गरज मला दिसत नाही. त्यांनी प्रत्येक घटकाची रूपरेषा आणि पहिला नमुना-पाठ बारकाईने पाहावा, आणि नंतरचे पाठ हवे तर माहितीसाठी पाहावेत. आणि या सर्वांवर, शेरे परस्परविरोधी आले तर शेवटचा शब्द कोणाचा, हे एका नावाने ठरलेले असावे. हा निर्णायक पदाने सर्वांत मोठा असलाच पाहिजे असे नाही. त्याच्याकडे वेळ असला पाहिजे आणि त्याचा निर्णय वरचे लोक फिरवणार नाहीत याची हमी असली पाहिजे. ज्येष्ठ म्हणून नेमलेला पण आठवडाभर न सापडणारा निर्णायक हे रखडण्याचे स्वतंत्र कारण ठरते.

शेऱ्यांचा संघर्ष प्रत्यक्षात कसा दिसतो आणि कसा सुटतो, याचे एक उदाहरण देतो. संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात प्रमाण विचलनाचा पाठ आहे. एका वर्गातील दहा विद्यार्थ्यांचे गुण घेऊन निवेदक म्हणतो, ‘फरकांच्या वर्गांची बेरीज करा आणि तिला दहाने भागा.’ विषयतज्ज्ञ लिहितो : ‘हे अपुरे आहे. नमुना घेतलेला असेल तर एकाने कमी केलेल्या संख्येने भागतात, ते सांगितलेच पाहिजे.’ डिझायनर लिहितो : ‘हा मुद्दा इथे आणू नये, विद्यार्थी पहिल्यांदाच ही संकल्पना पाहत आहे.’ दोघांचेही म्हणणे आपापल्या प्रश्नापुरते बरोबर आहे. दोन्ही शेरे जसेच्या तसे संकलकाकडे गेले, तर तो कोणा एकाचे ऐकतो आणि पुढच्या फेरीत दुसरा रागावतो. निर्णायकाने ते आधी एकत्र वाचले, तर मार्ग सापडतो : ‘आपल्याकडे संपूर्ण वर्गाचे गुण आहेत, म्हणून दहाने भागू.’ विधान आता काटेकोरपणे खरे झाले, नवी संकल्पना आणावी लागली नाही, आणि नमुन्याचा मुद्दा नंतरच्या पाठासाठी राखून ठेवता आला. हे सगळे संहितेवर घडले तर खर्च एका वाक्याचा. संकलनानंतर घडले तर निवेदकाला पुन्हा बोलवावे लागते.

यातून पुढचा नियम निघतो. शेरे थेट संकलकाकडे जाऊ नयेत. मुदत संपल्यावर निर्णायकाने सगळे शेरे एकदा वाचावेत, दुहेरी शेरे एकत्र करावेत, विरोध मिटवावेत, जे घ्यायचे नाहीत त्यांच्यापुढे एका ओळीत कारण लिहावे आणि मग एकच यादी संकलकाला द्यावी. ही अर्ध्या तासाची मेहनत एखादी अख्खी फेरी वाचवते. कारणाची ओळ मात्र टाळू नये. ज्याचा शेरा उत्तराविना नाहीसा होतो तो पुढच्या फेरीत तोच शेरा अधिक मोठ्या आवाजात देतो.

शेरा लिहिण्याची रीतही एकदा सर्वांना शिकवावी लागते. ‘मधला भाग जरा गोंधळाचा वाटतो’ या शेऱ्याने संकलक काय करणार? तेच असे लिहिता येते : ‘०३:१२ ते ०३:२०. निवेदक उजवीकडचा स्तंभ म्हणतो, पण बाण डाव्या स्तंभावर आहे. विद्यार्थी चुकीचा आकडा वाचेल. चूक.’ यात वेळ आहे, काय दिसते ते आहे, त्याने काय बिघडते ते आहे आणि शेवटी वर्ग आहे. उपाय सांगितलेला नाही, आणि ते मुद्दाम. बाण हलवायचा, निवेदनातील तो शब्द बदलायचा की स्तंभांची अदलाबदल करायची, हे संकलक अधिक चांगले ठरवतो. तथ्याच्या चुकीत मात्र उलट करावे : बरोबर आकडा, बरोबर शब्द शेऱ्यातच लिहून द्यावा, कारण तो संकलकाने शोधणे अपेक्षित नाही.

वर्ग तीनच ठेवावेत. ‘चूक’ म्हणजे असत्य, अशुद्ध, ऐकू न येणारे किंवा न दिसणारे. ती सुधारल्याशिवाय पाठ पुढे जात नाही. ‘अडथळा’ म्हणजे बरोबर असूनही शिकणाऱ्याला अडवणारे; त्यावर निर्णायक ठरवतो. ‘पसंती’ म्हणजे मला असे आवडले असते. ती संकलकाला वेळ असेल तर घ्यावी आणि तिच्यासाठी नवी फेरी कधीही करू नये. पाहणाऱ्यानेच आपल्या शेऱ्याला वर्ग द्यायचा असतो. ‘पार्श्वसंगीत बदला’ या शेऱ्यापुढे स्वतःच्या हाताने ‘पसंती’ लिहावे लागले की असे निम्मे शेरे लिहिलेच जात नाहीत.

टाइमकोडबद्दल एक तांत्रिक सावधगिरी. टाइमकोड, म्हणजे शेऱ्यात लिहिलेली व्हिडिओतील वेळ, त्या आवृत्तीपुरताच खरा असतो. दुसऱ्या मिनिटातले बारा सेकंद कापले की पुढच्या सगळ्या शेऱ्यांच्या वेळा सरकतात. म्हणून फेरी चालू असताना नवी आवृत्ती चढवू नये, संकलकाला किरकोळ चूक दिसून हात शिवशिवले तरीही. तसेच संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील टाइमलाइन अनेकदा शून्याऐवजी एका तासापासून सुरू केलेली असते, त्यामुळे प्लेअरमधील वेळ आणि चित्रावर उमटवलेला टाइमकोड यांत फरक दिसतो. कोणती वेळ लिहायची ते पहिल्याच दिवशी सांगावे. मिनिट आणि सेकंद पुरेसे असतात, फ्रेमचा आकडा तपासनिसांकडून मागू नये. फाइलच्या नावात अभ्यासक्रम, घटक, पाठ आणि आवृत्तीचा क्रमांक एवढेच असावे. ‘अंतिम’ हा शब्द फाइलच्या नावात आला की लवकरच ‘अंतिम-नवीन’ही येते.

रेकॉर्डिंगनंतर पाहण्याच्या फेऱ्या दोनच ठेवाव्यात आणि त्यानंतर एक अंतिम पडताळणी. पहिली फेरी रफ कटवर, म्हणजे कच्च्या जुळणीवर. त्यात निवेदन आणि चित्र यांचा मेळ, राहून गेलेले किंवा जास्तीचे भाग, आणि निवेदकाचे चुकलेले उच्चार एवढेच पाहायचे. रंगसंगती, संगीत, ध्वनीची पातळी अजून झालेली नसते, आणि हे कितीही सांगितले तरी कोणीतरी ‘चित्र फिकट दिसते’ असे लिहितेच, त्यासाठी पहिल्या पाच सेकंदांत पडद्यावरच ‘रफ कट, रंग, संगीत, ध्वनी बाकी’ अशी पाटी टाकावी. दुसरी फेरी फाइन कटवर, म्हणजे दुरुस्त केलेल्या पक्क्या जुळणीवर, आणि तिच्यात प्रश्न एकच : पहिल्या यादीतील प्रत्येक गोष्ट झाली का आणि ती करताना नवे काही बिघडले का? या फेरीत अख्ख्या पाठावर नव्याने मत मागू नये. ती मंजूर झाली की चित्र कायम झाले असे समजावे आणि त्यानंतरच उपशीर्षके करावीत.

पाहण्याच्या पद्धतीविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पाठ पहिल्यांदा न थांबता, एकही शेरा न लिहिता, साध्या वेगाने पाहावा. विद्यार्थी तो असाच पाहणार आहे, आणि पाठ कुठे रेंगाळतो हे केवळ याच वेळी कळते. दुसऱ्यांदा थांबत थांबत शेरे लिहावेत. तिसऱ्यांदा, निदान डिझायनरने, पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकावे. ‘हे इथून घ्यायचे आणि तिकडे ठेवायचे’ अशी वाक्ये पाहताना कळतात आणि ऐकताना निरर्थक होतात. दृष्टिबाधित विद्यार्थ्याला पाठ असाच मिळतो. सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला उपशीर्षके असणे ही सर्वांत खालच्या, म्हणजे ‘ए’ पातळीचीच अट आहे आणि दृश्याचे ध्वनिवर्णन ही ‘एए’ पातळीची. पण निवेदकाने पडद्यावरची महत्त्वाची प्रत्येक गोष्ट नावाने उच्चारली, तर वेगळे ध्वनिवर्णन करण्याची गरज बहुधा उरत नाही. ही काळजी संहितेतच घेतली की फुकटात होते. पाठ एकदा फोनच्या पडद्यावरही पाहावा. संकलकाच्या मोठ्या पडद्यावर ठसठशीत दिसणारी आलेखातील अक्षरे तिथे मुंगीएवढी होतात.

जे यंत्राला किंवा यादीला तपासता येते ते माणसांच्या फेरीत आणू नये. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील रंगभेदाचे गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावे, असे तीच तत्त्वे सांगतात, ते मोजणारी साधने मोफत मिळतात. ध्वनीची पातळी मोजता येते. युट्यूब जास्त मोठा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) आसपास खाली आणते, तर युरोपीय प्रसारणाचे प्रमाण उणे २३ आहे. अभ्यासक्रमात नेमका कोणता आकडा घेतला याहून सगळे पाठ एकाच आकड्यावर असणे महत्त्वाचे, नाहीतर विद्यार्थ्याला पाठागणिक आवाज कमी-जास्त करावा लागतो. काळ्या पडलेल्या फ्रेम, स्लाइडवरील शुद्धलेखन, निवेदकाच्या नावाची पट्टी, शेवटची पाटी, हे सगळे संकलकाने आपल्या यादीवरून तपासून, खूण करूनच पाठ फेरीला पाठवावा. ती यादी पूर्ण नसेल तर पाठ परत जावा, पाच जणांचा वेळ त्यावर घालवू नये. स्वयंचलित उपशीर्षके पारिभाषिक शब्दांवर आणि नावांवर हमखास घसरतात, पण मंजूर संहिता शब्दशः असेल तर तीच वेळेला जोडून उपशीर्षके करता येतात. संहितेवर घातलेली मेहनत इथे दुसऱ्यांदा कामी येते.

आता रांगेचा प्रश्न, जो बहुतेक व्यवस्थापक नजरेआड करतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे : रांगेत सरासरी किती गोष्टी आहेत, याला दर आठवड्याला किती बाहेर पडतात याने भागले की प्रत्येकीला सरासरी किती आठवडे लागतात ते मिळते. आपल्याकडे एका वेळी बारा पाठ तपासणीत असतील आणि आठवड्याला चार मंजूर होत असतील, तर प्रत्येक पाठ सरासरी तीन आठवडे अडकणार, मग कितीही स्मरणपत्रे पाठवा. तपासणीत एका वेळी सहाच पाठ ठेवले आणि मंजुरीचा वेग तोच राहिला, तर तोच काळ दीड आठवड्यावर येतो. तपासनिसाच्या डोक्यातही सहा पाठच राहतात, हा आणखी फायदा. म्हणून नवा पाठ फेरीत टाकण्याआधी जुना बाहेर काढावा, आणि सगळे चाळीस पाठ रेकॉर्ड करून मग एकदम तपासायला देण्याची पद्धत बंद करावी. पहिला पाठ संहितेपासून उपशीर्षकांपर्यंत पूर्ण होऊन मंजूर झाल्याशिवाय दुसऱ्याचे रेकॉर्डिंग करू नये, असे मी सांगतो तेव्हा वेळापत्रक सांभाळणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण अक्षरांचा आकार, निवेदकाचा सूर, पाटीची रचना यांबद्दलचे सगळे वाद त्या एका पाठावर मिटतात. नाहीतर तेच वाद चाळीस ठिकाणी दुरुस्त करावे लागतात.

फेरीची मुदत दोन-तीन कामकाजाचे दिवस एवढी असावी आणि पाहण्याची वेळ प्रत्येकाच्या कॅलेंडरवर आधीच राखलेली असावी. आठ मिनिटांचा पाठ आठ मिनिटांत तपासून होत नाही. शेऱ्यांसकट अर्धा-पाऊण तास धरावा. मुदतीत उत्तर आले नाही तर काय, हे कामाला हात घालण्यापूर्वीच लिहून ठेवावे. मौन म्हणजे संमती हा नियम मी भाषा, मांडणी आणि व्यवस्थापनाच्या मतांना लावतो. विषयतज्ज्ञाला कधीच लावत नाही. तथ्याबाबत त्याने ‘पाहिले, बरोबर आहे’ असे स्पष्ट लिहिल्याशिवाय पाठ पुढे जाऊ नये, मग चार दिवस गेले तरी चालतील. बैठक फक्त लेखी न मिटलेल्या मुद्द्यांसाठी घ्यावी, पाठ पडद्यावर उघडा ठेवून. सगळ्यांनी एकत्र बसून पाठ पहिल्यांदाच पाहण्याची बैठक टाळावी, कारण तिथे जो आधी बोलतो त्याच्याच मागे बाकीचे जातात.

नमुना-पाठाच्या रफ कटवर चार-पाच खऱ्या विद्यार्थ्यांना बसवले, तर तपासनिसांना जन्मात न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. कारण तपासनिसांना उत्तर आधीच माहीत असते. मात्र त्यांना ‘कसा वाटला?’ असे विचारू नये, सगळे ‘छान’ म्हणतात. पाठ दाखवून एक प्रश्न सोडवायला द्यावा आणि ते पाठ मागे घेऊन कोणता भाग पुन्हा पाहतात तेवढे टिपावे.

दुरुस्त्या पूर्णपणे टळणार नाहीत, तेव्हा त्या स्वस्त पडतील असे रेकॉर्डिंग करावे. प्रत्येक परिच्छेदानंतर निवेदकाने दोन सेकंद थांबावे म्हणजे तुकडा बदलता येतो. दर सत्रात त्या खोलीची अर्ध्या मिनिटाची शांतता रेकॉर्ड करून ठेवावी, नाहीतर नंतर जोडलेल्या वाक्याच्या मागची पोकळी ऐकू येते. ‘मागच्या पाठात आपण पाहिले’, ‘या वर्षी’, ‘नव्या आवृत्तीत’ अशी वाक्ये संहितेतूनच काढावीत. पाठांचा क्रम बदलला की ती खोटी पडतात. सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या पाठांत पडद्याचे रेकॉर्डिंग आणि निवेदकाचा चेहरा वेगवेगळे घ्यावेत, कारण सॉफ्टवेअरचे रूप बदलते आणि चेहरा पुन्हा घेण्याचे कारण नसते. आणि दुरुस्त्यांची वाक्ये साठवून, घटक संपल्यावर एकाच बैठकीत रेकॉर्ड करावीत.

साधनांविषयी थोडक्यात. फ्रेम डॉट आयओ, जे २०२१ मध्ये ॲडोबीने विकत घेतले, किंवा ड्रॉपबॉक्स रिप्ले, किंवा व्हिमिओची तपासणीची सोय, या सगळ्यांत शेरा थेट त्या क्षणावर लिहिता येतो आणि आवृत्त्या एकावर एक ठेवता येतात. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : बाहेरच्या तज्ज्ञाला खाते न उघडता शेरा लिहिता येतो का, प्रत्येक शेऱ्याला ‘झाले’ अशी खूण करता येते का, आणि शेरे संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट आणता येतात का. पैसे नसतील तर सामायिक तक्ता आणि असूचीबद्ध युट्यूब दुवा यांवरही काम चालते. मात्र असूचीबद्ध व्हिडिओ दुवा असणारा कोणीही पाहू शकतो हे लक्षात ठेवावे, आणि खासगी व्हिडिओवर शेरे लिहिता येत नाहीत. प्रकाशनासाठी जागा निवडताना आणखी एक पाहावे : युट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर दुरुस्त फाइल ठेवता येत नाही, व्हिमिओवर ठेवता येते. व्हॉट्सॲपवर येणारे शेरे बंद करण्याची शिस्त लावायची तर रागावण्याऐवजी एकच उत्तर द्यावे : ‘कृपया पाठाच्या यादीत नोंदवा, संकलक तीच यादी पाहतो.’ आणि ते खरे करून दाखवावे. एकदा जरी व्हॉट्सॲपवरच्या शेऱ्यावरून बदल झाला, की सगळे परत तिथेच येतात.

मंजूर पाठ पुन्हा उघडायचा असेल तर तो फक्त ‘चूक’ या वर्गासाठी, आणि मागणाऱ्याने निर्णायकाकडे लेखी मागावा. निर्णायकाने उत्तरात लिहावे की यामुळे कोणता दुसरा पाठ किती दिवस मागे जाईल. ते वाचून बरेच जण स्वतःहूनच ‘पुढच्या आवृत्तीत घेऊ’ म्हणतात, आणि त्यासाठी पुढच्या आवृत्तीची एक यादी खरोखर ठेवलेली असावी. किरकोळ चूक असेल आणि पाठ प्रसिद्ध झालेला असेल, तर पाठाखाली शुद्धिपत्राची ओळ पुरते. उपशीर्षकात गुपचूप बरोबर शब्द घालून निवेदनातील चूक झाकणे मात्र टाळावे. ऐकणारा एक शिकतो आणि वाचणारा दुसरे.

आपले पाठ सध्या अर्ध्यावर आहेत, म्हणून सुरुवात दोन्ही टोकांनी करावी लागेल. ज्यांची संहिता अजून रेकॉर्ड झालेली नाही, ते आजपासून नव्या पद्धतीने घ्या आणि त्यांतलाच एक नमुना-पाठ ठरवा. जे तिसऱ्या-चौथ्या फेरीत अडकले आहेत त्यांना संहितेकडे परत पाठवू नका. निर्णायकाने एक दिवस राखून त्यांचे उरलेले सगळे शेरे तीन वर्गांत टाकावेत, पसंती वगळाव्यात, अडथळ्यांतील निवडक घ्यावेत, चुकांसाठी एकच दुरुस्ती-रेकॉर्डिंग ठरवावे आणि ते पाठ त्याच आठवड्यात कायम करावेत. ते बाहेर पडेपर्यंत नवे काही फेरीत टाकू नका.